तक्त्यात नसलेला प्रवाह

कुपवाडच्या कारखान्यात तीन महिने मी
फक्त उष्णता मोजत होते.
स्तंभाच्या बुडातून एकशे चाळीसवर उतरणारं द्रावण
आम्ही गार करायचो बोअरच्या पाण्यानं,
आणि तिथून दहा पावलांवर
तीस अंशांचा कच्चा माल
तापवायचो वाफेनं.
एका खोलीत पंखा, शेजारी शेगडी;
मधली भिंत कुणी घातली
ते कुणालाच आठवत नव्हतं.

आलेखावर दोन रेघा काढल्या,
तापलेल्यांची एक, गारठलेल्यांची एक.
सरकवत सरकवत जवळ आणल्या.
एका ठिकाणी मध्ये उरतात दहाच अंश.
त्याहून जवळ आणायचं तर पत्रा लागतो एकरभर,
आणि देवाणघेवाण चिमूटभर.
दस्तगीर मुल्लांना हे समजावलं,
बावीस वर्षं बॉयलरवर.
म्हणाले, 'सख्ख्या भावांचं बी असंच असतंय,'
आणि भुशाच्या कांड्या आत ढकलल्या.

दिवाळीआधी एक्स्चेंजर बसला.
वाफेचं निवलेलं पाणीसुद्धा
परत बॉयलरकडे वळवलं.
साडेचार टन कांड्या लागायच्या, आता तीन.
चौगुले शेठनी पेढे वाटले,
मी दोन घेतले.

मग थंडी पडली.
गेटवर रत्नव्वा उभी, हातात रिकामी बादली.
'मॅडम, मागचं पाणी तुमी बंद केलासा व्हय?'

मागच्या भिंतीतून एक पाइप निघायचा.
माझ्या तक्त्यात तो 'नुकसान' या रकान्यात,
दशांशासकट.
भिंतीपलीकडे तो अकरा वर्षं
पहाटेच्या दोन बादल्या होता,
नातवाची अंघोळ,
महिन्यातून एकदा वाकळा,
आणि फरशीवर एकमेकांत गुंतून झोपलेली
कुत्र्याची पिल्लं.

वही उघडून थंड प्रवाहांच्या यादीत
शेवटी लिहिलं:
रत्नव्वाची बादली. वीसवरून बेचाळीस.
पहाटे साडेपाच.
पुढचे रकाने भरता येईनात.
मुल्लांनी खांद्यावरून वाचलं.
'व्हॉल्व्हचं मी बघतो.
कागदावर नगा घेऊ.'

महिन्याच्या हिशेबात आता
जरा उष्णता कुठेतरी गळते.
शेठ विचारतात, बोट ठेवून.
मी सांगते, मोजमापात एवढं इकडंतिकडं होतंच.
मुल्ला त्या वेळी
काच पुसत असतात, आधीच स्वच्छ असलेली.