बारदान

मार्केट यार्डात तेवीस वर्षं मी तोलतोय.
गुळाच्या रव्याला हात लागला की
काटा थांबायच्या आधी आकडा ओठावर येतो.
त्या रात्री शिरोली नाक्यावर
पोलिसांनी मला काट्यासकट नेलं,
पंच म्हणून.

टेम्पोत कांद्याखाली एक पोतं निराळं.
सातापा बुरुड, गाडीचा ड्रायव्हर,
टायरला टेकून उकिडवा.
"भाडं सांगितलं, भरलं, निघालो,"
एवढंच बोलत होता,
विचारतील त्याला, न विचारतील त्यालाही.

पोतं काट्यावर चढलं.
वीस किलो सहाशे.
साहेबांनी आकडा लिहिला, मी खाली सही केली.
सहीच्या वर छापलेलं :
वाचून पाहिले, बरोबर आहे.
मी वाचलं नव्हतं.

दोन वर्षांनी, कसबा बावड्याच्या कोर्टात
वकील मगदूमबाई म्हणाल्या, त्याला माहीत नव्हतं.
सरकारी वकील म्हणाले,
माहीत होतं असंच कायदा धरून चालतो.
नव्हतं, तर ते त्यानं दाखवावं.
मी पिंजऱ्याचा कठडा धरून उभा.
नसलेलं कसं दाखवतात?
रिकाम्या काट्यावर काय ठेवायचं?

मणाचे हिशेब मला येतात,
पासरी, धडा, वडलांच्या वेळचे शेरसुद्धा.
माणसाला किती ठाऊक होतं
हे तोलायचं माप यार्डात नाही.
कोर्टात असेल म्हणून बघत होतो.
तिथं फक्त एक आकडा होता : वीस.
विसाच्या आत, तर जजसाहेबांच्या हातात काही उरतं.
विसाच्या वर गेलं की दहा वर्षं,
त्यातून एक दिवस कमी नाही.

"वजन तुमच्यासमोर झालं?"
"झालं."
"सही तुमचीच?"
"माझीच."
"वास आला होता?"
म्हटलं, साहेब, माझ्या नाकात तेवीस वर्षं गूळच आहे.
लोक हसले.
सातापाही हसला, जरासा.

व्हरांड्यात शिपायासकट तो आडवा आला.
"मामा, बारदान वजा केलासा न्हवं?"

बारदान.
यार्डातलं नवं पोरगंसुद्धा
ते वजा केल्याशिवाय पट्टी लिहीत नाही.
तागाचं पोतं, दुहेरी शिवलेलं, किलोला थोडं कमी.
त्या रात्री मला ठाऊक होतं.
नाक्यावरच्या त्या पिवळ्या दिव्याखाली,
काटा थांबायच्या आधी ठाऊक होतं.
कुणी विचारलं नाही.
घरी जायला उशीर होत होता.

शिपाई त्याला पुढं ओढत होता.
मी म्हणालो, "व्हय. केलं की."
आणि चप्पल शोधू लागलो,
पायातच होती.

पंधरवड्यानं निकाल लागला. दहा.
कळंब्याला भेटायला जावं म्हणतो, जात नाही.

सकाळी पहिल्या रव्याआधी
काटा शून्यावर आणून बघतो.
येतो.
लगेच येतो.