पाट्याला टाकी

मी उठते, बोटं उठत नाहीत.
उजव्या हाताची मधली दोन तर
शाळेला दांडी मारणाऱ्या पोरासारखी
पांघरुणातच मुडपून बसलेली.
गॅसचं बटण तळहाताने फिरवते,
दुधाची पिशवी दाताने फोडते.
नवरा म्हणतो, अगं कात्री कुठाय?
कात्री आहे.
कात्रीलाही बोटंच लागतात.

तपेलीतल्या कोमट पाण्यात हात बुडवून
मोजत राहते, शंभर, दोनशे.
अंगठा आधी ऐकतो.
करंगळी सगळ्यात शेवटी.

नऊला परळ. तळमजला. खोली नंबर सहा.
शिशाचा एप्रन चढवताना
खांदा विचारतो, आजपण?
आजपण. सव्वीस वर्षं झाली.
पुढे या. हनुवटी वर. हलू नका.
श्वास रोखा.
सोडा.
माणसं मला चेहऱ्याने आठवत नाहीत.
ही पाटी वाहणाऱ्याची मान,
हा शिवणवालीचा अंगठा,
हे दिवसभर उभ्याने वडे तळणाऱ्याचे गुडघे.

पाळीचं म्हणाल तर
खोली सोडून गेलेल्या भाडेकरूसारखं चाललंय,
दोन-दोन महिने पत्ता नाही
आणि किल्ली अजून तिच्याकडेच.

परवा जेवणाच्या सुट्टीत लोर्नाने
माझाच हात प्लेटवर ठेवला.
हलू नका, म्हणाली, अगदी माझ्या आवाजात.
पडद्यावर सत्तावीस हाडं,
मधल्या फटी स्वच्छ, झाडून काढलेल्या.
डॉक्टर पोरसवदा. लांबूनच बघून म्हणाला,
नॉर्मल आहे, मॅडम.
मी हजारो लोकांना हा शब्द पाकिटात घालून दिलाय.
पहिल्यांदा कळलं
तो घेऊन घरी कसं जायचं हे कुणालाच माहीत नसतं.

वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या,
पाळी जाता जाता सांधे धरतात पुष्कळजणींचे.
फोटोत नाही दिसत.
कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?

कुणी म्हणजे, आई.
मी सातवीत होते. शिवडीची खोली.
आईने त्या वर्षी फक्त पाट्याला दोष दिला.
बोथट झालाय मेला, खोबरं वाटलंच जात नाही.
गल्लीतून हाक आली,
पाट्याला टाकीऽऽय,
की मला खाली पिटाळायची.
एका वर्षात तीनदा.
तिसऱ्या वेळी टाकीवालीने
पाट्यावरून हात फिरवला,
आईच्या मनगटावरच्या रुमालाकडे पाहिलं
आणि छिन्नी खाली ठेवली.
बाय, पाटा चांगला हाय.
आई म्हणाली, तू लाव.
तिने लावली.
दगडाची बारीक पूड उडत होती
आणि दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.
जाताना आईने तिला पैशांवर चहा दिला,
घरच्या कपात.

तो पाटा अजून आहे.
गॅलरीत, वर तुळशीची कुंडी.
खाचा तशाच, बोट लावलं तर टोचतात.

संध्याकाळी जेट्टीकडून आले.
चिखलात रोहित उभे होते, एका पायावर.
त्यांचा तो मागे वळलेला गुडघा
गुडघा नसतोच, घोटा असतो.
गुडघा वर, पिसांत, कुणाला न दिसणारा.
धंद्यामुळे कळतात असल्या गोष्टी.

घरी लोणच्याची बरणी उघडेना.
फडकं लावलं, दारात अडकवून पाहिलं.
ईरा अभ्यासातून उठून आली,
एका झटक्यात झाकण फिरवलं
आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.
दुखतंय का गं?

ओठांवर आलंच होतं,
झाकणच मेलं घट्ट बसलंय.

श्वास रोखलेला होता.
सोडला.
हो, म्हटलं. बस जरा.
वरण उतू गेलं तरी चालेल.