युटिका, मार्च शहाण्णव

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो:
स्लो फेरी ऐकायची ती हिवाळ्यात.
उन्हाळ्यात, उघड्या मैदानावर,
ते लग्नाला आल्यासारखे वाजवतात,
सगळ्यांना आवडेल असं, थोडं थोडं.
हिवाळ्यात दारं बंद असतात, कोट ओले असतात,
आणि थेरन पाइकला घरी जायची घाई नसते.

दुसरं: स्टुडिओतल्या रेकॉर्डी भेट द्यायला ठेवा.
चार मिनिटांचं 'कल्व्हर्ट' म्हणजे
नदीचा पासपोर्ट फोटो.

आर्डिथ म्हणते, खरं 'कल्व्हर्ट' एकच.
बँगॉर, त्र्याण्णव. एकोणीस मिनिटं.
मी म्हणतो युटिका, शहाण्णव. एकतीस.
ती म्हणते, वारावर मोजून घ्यायला ते काय कापड आहे?
अठ्ठावीस वर्षं आम्ही हेच भांडतोय
सेंट ऑल्बन्सला, तिच्या स्वयंपाकघरात,
मी दुधाचा टँकर रिकामा करून येतो
आणि तिच्या पायांत अजून रात्रपाळीचे बूट असतात तेव्हा.
कपाटावर बुटांचीच खोकी, त्यांत साडेतीनशे टेपा,
सगळ्या तिने केलेल्या, टोपीत माइक शिवून,
कायम साउंडबोर्डच्या डाव्या हाताला.
मी मागच्या गर्दीत कुठेतरी.

तर माझं म्हणणं असं:
बँगॉरला सुंदर वाजवलं, मान्य,
पण कुठे जायचंय ते त्यांना माहीत होतं.
युटिकाला बाविसाव्या मिनिटाला ड्रमर चुकतो.
बक्स्टर लुंड, जो झोपेतही चुकायचा नाही,
अर्धा ठोका आधी येतो.
थेरन त्याला सावरत नाही.
दार उघडं दिसलं म्हणून शेजाऱ्याच्या घरात शिरावं
तसा त्या चुकीत शिरतो,
दिवा लावतो, खुर्ची ओढतो.
मग नऊ मिनिटं समेचा पत्ता नाही.
आणि ती येते तेव्हा अख्खा हॉल श्वास सोडतो,
टेपवर ऐका,
एअरब्रेक सुटल्यासारखा.

नव्या कीबोर्डवाल्याबद्दल मी बोलणार नाही.
(फार वाजवतो. गप्प बसायला कुणी शिकवलंच नाही.)

गेल्या महिन्यात ऑल्बनीला गेलो, दोघं.
थेरन आता बसून वाजवतो.
'कल्व्हर्ट'चं तिसरं कडवं विसरला,
माइकपासून जरा मागे सरकला,
आणि ते आम्ही म्हटलं, पाच हजार बेसूर माणसांनी.
कार्यक्रम म्हणून विचाराल तर दहापैकी पाच.
पाचही त्या कडव्याचे.

परतताना बर्फ. वायपर करकरत होते.
आर्डिथने आपणहून युटिका लावली.
रूझेस पॉइंटच्या पुलावर टेप संपली
तेव्हा मी म्हणालो,
मी आत नव्हतो.

ऑल्टरनेटर गेला होता.
पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभा, हातात पाना,
तिकीट खिशात, आख्खं, न फाडलेलं.
भिंतीतून नुसता बेस येत होता, दाढ ठणकावी तसा.
बक्स्टरची चूक मला कळलीसुद्धा नाही,
ती मी तुझ्याच टेपवर ऐकली, एप्रिलमध्ये.
पण सम आली तेव्हा
छपरावरचा बर्फ घसरून खाली आला, सगळा,
हे मी पाहिलंय. आत कुणी पाहिलं नाही.

आर्डिथ थर्मासचं झाकण फिरवत राहिली.
ठाऊक आहे, म्हणाली.
माझ्या एकूण एक टेपेवर तुझी शिट्टी आहे, वेन्डेल,
समेच्या जराशी आधी, घाईची,
सगळं नासवणारी.
युटिकाची तेवढी स्वच्छ आहे.

मला वाटलं, आता ती हरली.
तिने कॉफी ओतली, आधी मला दिली.
आणि बँगॉरच, म्हणाली.