दुपारचा काटा

पारबताबाई डिघोरे सोसायटीत येऊन म्हणाली,
"तुमचा काटा दुपारी मासोळी खाते."
सेक्रेटरी हसला. मीही.
"मासोळीतलं पाणी गळते, बाई, वजन उतरते."
तिनं मासोळी आणलीच नव्हती.
गोणीत जात्याची तळी होती, पाट्याचा तुकडा, दोन विटा.
"दगडातूनही पाणी गळते काय, भाऊ?"

पहाटे पाचला चाळीस किलो.
बाराला, पत्र्याच्या शेडखाली,
एकोणचाळीस किलो नऊशे पन्नास.
पन्नास ग्रॅम. एक मूठ झिंगे.

काटा अर्जुनीच्या दुकानात आणून उघडला.
आत तीन पायांचा, जवसाएवढा एक तुकडा.
तो दिवा लावत नाही, मोटर फिरवत नाही.
एवढंच म्हणतो : हे अडीच व्होल्ट.
आणि सगळा बोर्ड त्याच्या शब्दावर मोजत बसतो.

सुकेशिनी डेटाशीट वाचू लागली.
पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत वीस पीपीएम.
"ते सोड," मी म्हटलं, "तक्त्यात जा.
टिपिकलचा रकाना म्हणजे
स्थळ सांगताना म्हणतात तसं, पोरगा तसा घेत नाही.
पोळ्याच्या पाडव्याला तो काय करतो
ते मॅक्सिमममध्ये लिहिलं असते."
मॅक्सिमममध्ये पन्नास होते.

जन्मापासूनची चूक एकदाच वजा करता येते,
काटा जुळवताना, कोणाला कळतही नाही.
उन्हानं येणारी येत नाही.
खाली बारीक टीप : पंचवीस अंशांवर मोजलेलं.
आमच्या मे महिन्यात पंचवीस अंश
फक्त माठाच्या पोटात असतात.
पहाटे सत्तावीस, डब्याच्या आत दुपारी बावन्न.
पंचवीस गुणिले पन्नास,
दहा लाखांत साडेबाराशे,
चाळीस किलोत पन्नास ग्रॅम.
बाईच्या गोणीनं तो आकडा आधीच काढला होता.

आणखी एक ओळ सुकेशिनीनं दोनदा वाचली :
तापवून पुन्हा गार केला
तरी तो होता तिथं नेमका परत येत नाही.
"मग येतो कुठं?"
"जवळपास."
ती काही बोलली नाही. तिचा भाऊ मागच्या दिवाळीत
सुरतेहून परतला होता.

मी नागपूरहून महाग चिप मागवणार होतो.
ती म्हणाली, "लोडसेललेही याच्याच हातून द्या ना व्होल्टेज.
हा हलला की तोही तेवढाच हलंन.
भागाकार कायले बदलंन?"
मधे एक छोटा बफर, एक निळी तार.
दुपारी बाराला दगड चाळीस भरले.

बरं वाटलं. पण रात्री आठवलं,
माझं घड्याळ आणि दुकानातलं घड्याळ
दोन्ही सात मिनिटं मागं चालायची.
मी कधीच उशिरा पोचलो नाही.
एसटी तेवढी निघून जायची.

पारबताबाईनं आकडा पाहिला, मान हलवली.
"आन तीन उन्हाळ्यांच्या मुठी?"
सेक्रेटरीनं रजिस्टर उघडलं, पुन्हा मिटलं.
त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

गोणी ती घेऊन गेली नाही.
टेबलाखाली आहे अजून.
कोणीही यावं, दुपारी, उचलून ठेवावी काट्यावर.