सव्विसाव्या भागानंतर

सिडकोत, पवननगरला, उत्तम दोंदेच्या केबलवर
दुपारी साडेचारला लागायची.
चित्रं बोलायची जपानी, खाली अक्षरं चिनी,
आम्हाला दोन्ही सारखंच.
वृषाली कानाशी संवाद रचायची:
"दीपगृहातली मुलगी म्हणतेय, रॉकेल संपलंय."

सव्विसाव्या भागात जहाज धुक्यात शिरलं
आणि दुसऱ्या दिवशी तिथे क्रिकेट.
"डिशचा कोन सरकला," दोंदे म्हणाला,
सरळ करायला काही वर चढला नाही.

तेवीस वर्षं.
इतकं काय काय आलं इकडे, डब होऊन,
कॉलेज रोडला पोरांच्या टी-शर्टवरसुद्धा.
ही नाही. हक्क कुणी घेतलेच नसतील.
नावच ठाऊक नाही,
मागायचं तरी काय म्हणून?

परवा अंबडला, कंपनीत,
नवं मशीन बसवायला मोरितासान आले.
जेवणाच्या सुट्टीत जॉबकार्डच्या पाठीवर
मी दीपगृह काढलं, जहाज,
एका कानाचं मांजर.

मांजरापाशी ते थांबले.
चष्मा काढून पुसला.
एक नाव म्हणाले, दोनदा, हळू;
मला ते धरताच आलं नाही.
मग माझंच पेन घेऊन धुक्याच्या पलीकडे
काहीतरी काढू लागले
आणि भोंगा झाला.
संध्याकाळी त्यांची गाडी पुण्याला गेली.

कार्ड डब्याच्या पिशवीत आहे, तेलाचा डाग पडलेलं.
एकच रेघ. किनारा असेल,
नाहीतर शेपटी.

फोटो वृषालीला पाठवला, दिंडोरीला.
रात्री अकराला तिचं उत्तर:
"थांब जरा,
मुलगी काहीतरी म्हणतेय."