सातवी जागा

मंगळवारी माझ्या छातीवर एक चिकटपट्टी असते : पाहुणी.
नऊ वर्षं झाली.
मिसेस पार्फिट दर मंगळवारी ओळखपत्र नव्यानं मागतात,
मी नव्यानं दाखवते.
वेल्समधल्या ह्या दरीत चार शाळा माझ्या,
एकही माझी नाही.

खोली म्हणजे कोठार. कागदाचे गठ्ठे, हरवलेल्या टोप्यांची पेटी,
कुणीतरी आफ्रिका खरवडून काढलेला पृथ्वीचा गोल.
दाराला काचेचा चौकोन. नाताळात त्यावर कुणी तारा चिकटवला
तर आधी तो काढायचा, मग वाद्य.
खुर्ची अशी, की येणाऱ्या-जाणाऱ्याला
माझे दोन्ही हात दिसावेत.

ट्रॉम्बोनला पडदे नसतात.
नळी पुढे सारायची, जागा कानानं शोधायची.
तिसरी कर्ण्याच्या कडेच्या जरा अलीकडे, चौथी जेमतेम पलीकडे,
सातवीपर्यंत अकरा वर्षांचा हात पोचतच नाही.
तेगवेनचा पोचत नव्हता, तर ती खांदाच ढकलायची.
कोपर कुठं हवं ते मी पेन्सिलीनं हवेत दाखवायचे.
हात लावायचा तर आधी विचारायचं : लावू?
दोनदा ती नको म्हणाली.
तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. पेन्सिल पुरली.

नोव्हेंबरात बँडच्या तालमीनंतर काळोख असतो.
बसथांब्यावर ती, पाठीवर जवळजवळ तिच्याएवढी पेटी,
माझी गाडी रिकामी, आत ऊब, रस्ताही तोच.
मी काच खाली केली नाही.
वळणावर थांबून शाळेला फोन केला,
मुलगी थांब्यावर आहे, बस आलेली नाही,
आणि बस येईपर्यंत आरशात बघत बसले.
ह्याचे पैसे नाहीत. मला वीस-वीस मिनिटांचे मिळतात.

फेब्रुवारीत एकदा, बी-फ्लॅट चांगला लागलेला असताना
तिनं ओठ काढून घेतले.
"एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही."
ह्याचं उत्तर मला पाठ आहे.
दर वेळी ते घसा खरवडत येतं.
"असं वचन मी नाही देऊ शकत, तेग."
तेग म्हटलं मी. तेवढी एक जागा घसरली.

ती बराच वेळ नळीतलं पाणी काढत राहिली,
पाणी संपल्यावरही.
मग तरी सांगितलं.

काय, ते इथं लिहिणार नाही.
जिथं लिहायचं तिथं लिहिलं, तिच्या शब्दांत,
माझा एकही न घालता; वेळ टाकली, सही केली,
मिस्टर आयनन यांच्या हातात दिलं.
ते थँक्यू म्हणाले आणि दार लोटून घेतलं.
मी अलीकडे.

पुढच्या मंगळवारी तिच्या वेळेला मॅक्सेन नावाचा मुलगा.
मी विचारलं नाही.
मिसेस पार्फिटनी ओळखपत्र बघितलं, परत दिलं,
देताना क्षणभर सोडलं नाही.

चार हात लांब राहावं म्हणतात.
कुणाचे चार हात, ते कुणी सांगत नाही.
रात्री भांडी घासताना मी तिला त्या घरातून दहादा आणलं असेल,
दहादा माझ्या टेबलाशी बसवलं.
सकाळी टेबल पुसलं, दुसऱ्या शाळेत गेले.

जूनमध्ये वाद्य परत आलं, कुणाबरोबर ते कळलं नाही.
आतल्या नळीवर, पार टोकाशी,
पेन्सिलीची खूण, तेलानं अर्धी पुसलेली.
वाद्य जमिनीवर ठेवून
दोन्ही हातांनी ओढून केली असणार.
बोटभर चुकलीय.

मॅक्सेन विचारतो, हे काय आहे?
मी म्हणते, खुणेकडे बघू नकोस,
कान दे.