ऑर्डरची वही

अठ्ठावीस वर्षं मी ओहायोतल्या या गावात पाट्या छापतो.
अंगणात रोवायच्या, बंपरवर डकवायच्या,
चर्चमधल्या मासळीच्या जेवणाच्या, हरवलेल्या कुत्र्यांच्या.
वाक्य तुमचं, शाई माझी. निम्मे पैसे आगाऊ.
शुद्धलेखन तेवढं तपासतो. अर्थ तपासत नाही.

व्हर्लिन स्टॅकहाऊसचं खातं वहीत सर्वांत जाड.
मार्चमध्ये पिवळ्यावर काळं:
'माझी बंदूक मी कुणाला विचारून बाळगत नाही.'
मेमध्ये निळ्यावर पांढरं:
'वर्दीला मान द्या. सांगितलेलं ऐका.'
दोन्ही एकाच पिकअपच्या मागच्या फळीवर,
मध्ये चार बोटांचं अंतर,
आणि त्या चार बोटांत
अख्खा व्हर्लिन पाय पसरून झोपलेला.

प्राध्यापक मार्गिट लिंडक्विस्ट मोजून बोलतात.
शाळेनं ग्रंथालयातून अकरा पुस्तकं काढली तेव्हा
साठ फलक नेले त्यांनी: 'बोलू द्या. वाचू द्या.'
ऑक्टोबरात कॉलेजात एक पाहुणा यायचा होता,
त्यांच्या डोळ्यांत खुपणारा.
काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणाल्या,
'त्याचं पोस्टर तू छापलंच नाहीस तर?'
उरलेले फलक त्यांच्या गॅरेजात आहेत.
ओल लागली तर पुन्हा छापून देईन म्हटलं. सवलतीत.

त्या पाहुण्यासाठी व्हर्लिन रस्त्यावर उतरला,
'जीभ कुणाच्या बापाची नाही', जांभळ्या अक्षरांत.
त्याच आठवड्यात, शाळेच्या मैदानावर,
राष्ट्रगीताला गुडघा टेकलेल्या सोळा वर्षांच्या पोरावर
तो घसा फुटेस्तोवर ओरडत होता.
त्याचं म्हणणं थोडक्यात:
हाताची घडी, तोंडावर बोट.

मी हसायचो.
रात्री वही मिटण्याआधी बायकोला वाचून दाखवायचो.
तळ्यात, मळ्यात, मळ्यात, तळ्यात,
गाव उड्या मारायचं,
मधली रेघ आखायचे पैसे मला.

मग जुलैत, नऊ नंबरच्या रस्त्यावर,
कॉर्डेल टॉलिव्हरची गाडी अडवली. मागचा दिवा फुटलेला.
तो म्हणाला, 'साहेब, आधीच सांगतो,
माझ्याजवळ बंदूक आहे. परवाना पाकिटात आहे.'
साहेब म्हणाला. रेकॉर्डिंगमध्ये आहे.
बोलणं, बंदूक आणि मान,
आमच्या गावात पहिल्यांदाच कुणी
तिन्ही एका वाक्यात बसवून दाखवलं.

पाच गोळ्या.

व्हर्लिन म्हणाला, पण बंदूक जवळ ठेवायचीच कशाला?
मार्गिटबाई म्हणाल्या, फार वाईट झालं,
पण बंदूक जवळ ठेवायचीच कशाला?
इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं
मी ते एकदाच पाहिलं.

शनिवारी ओडेसा टॉलिव्हर आली. त्याची आई.
काउंटरवर परवान्याचं कार्ड ठेवलं, कोपरा वाळलेला, तपकिरी.
'हे मोठं करून दे. चार बाय सहा फूट.
वर-खाली एक अक्षर नको.'
फोटोत त्याचे डोळे अर्धवट मिटलेले, सगळ्यांचे असतात तसे.
मुदत अजून तीन वर्षांची.

मागच्या रॅकवर शेरीफच्या गाड्यांची
चौदा नवी बोधचिन्हं वाळत होती.
मी म्हणालो, मशीन बिघडलंय.
मशीन चालू होतं.
तिनं आधी मशीन ऐकलं, मग मला.
कार्ड पदराआड घ्यावं तसं दोन्ही तळव्यांत घेतलं
आणि जाताना दार धरून उभी राहिली,
आत येणाऱ्या व्हर्लिनसाठी.

वहीत त्या दिवशी एक नोंद आहे.
नाव: टॉलिव्हर. आकार: चार बाय सहा. आगाऊ: शून्य.
शेरा: मशीन बंद.
अक्षर माझंच, सुवाच्य,
शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

ते पान मी बायकोला वाचून दाखवलेलं नाही.